जुन्या घड्याळांच्या दीप्तिमान तबकड्या : अस्सलपणाच्या कसोट्या

प्रस्तावना :

वर्धा-नागपूर मार्गावरील सेलूसारख्या तालुक्याच्या गावी 'रेडियम' हा शब्द कोणालाही अनोळखी नाही. दुचाकीच्या पाटीवर क्रमांक लिहिणारा कारागीर 'रेडियमची' अक्षरे कापतो, ट्रॅक्टरच्या मागे 'रेडियमची' पट्टी लावली जाते आणि रात्री ज्याचे काटे दिसतात ते घड्याळही 'रेडियमचे घड्याळ' म्हणूनच ओळखले जाते. शब्द एकच असला तरी या वस्तू एक नव्हेत. वाहनावरची पट्टी स्वतः प्रकाश देत नाही, समोरून आलेला प्रकाश केवळ परतवते. तीत रेडियमचा अंशही नसतो. आजच्या नव्या मनगटी घड्याळातही रेडियम नसते. मात्र आजोबांच्या पेटीत जपून ठेवलेल्या जुन्या घड्याळात ते खरोखर असू शकते.

भाषेतील ही सरमिसळ निरुपद्रवी वाटली तरी जुन्या घड्याळांच्या बाबतीत तिचे परिणाम गंभीर असतात. जुन्या यांत्रिक घड्याळांविषयीचे आकर्षण अलीकडच्या काळात वाढले आहे. एचएमटी वॉचेस ही कंपनी बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ मध्ये घेतल्यानंतर तिच्या जुन्या घड्याळांकडेही संग्राहकांचे लक्ष वळले. ज्या वस्तूला मागणी येते तिची बनावट प्रत निघते, हा बाजाराचा जुना नियम होय. घड्याळाच्या बाबतीत ही बनावट बहुधा आतल्या यंत्रात नसून तबकडीत असते. कारण ग्राहक प्रथम तबकडी पाहतो, आणि काळोखात चमकणारी तबकडी पाहून त्याला घड्याळ उत्तम स्थितीत असल्याचा भास होतो.

प्रस्तुत लेखात जुन्या घड्याळाच्या दीप्तिमान तबकडीचा अस्सलपणा कोणत्या आधारांवर ठरवता येतो, याचे विवेचन करण्याचा प्रयत्न केला आहे. हा विषय वरकरणी छंदाचा वाटला तरी त्याचा संबंध भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, इतिहासलेखनातील पुराव्याची चिकित्सा आणि सार्वजनिक आरोग्य अशा अनेक ज्ञानशाखांशी येतो.

१. तबकडी चमकते कशी?

मेरी आणि पिएर क्युरी यांनी १८९८ मध्ये रेडियमचा शोध लावला. त्यानंतरच्या काही वर्षांतच रेडियमचा क्षार आणि जस्ताचे सल्फाइड यांच्या मिश्रणातून अखंड प्रकाशणारा रंग तयार करता येतो हे लक्षात आले. या रंगात दोन घटक असतात आणि त्यांची कामे वेगळी असतात. रेडियम ऊर्जा पुरवते, तर जस्ताचे सल्फाइड ती ऊर्जा दृश्य प्रकाशात रूपांतरित करते. रेडियमच्या अणूतून बाहेर पडणारे अल्फा कण सल्फाइडच्या स्फटिकांवर आदळतात आणि प्रत्येक आघाताबरोबर प्रकाशाची सूक्ष्म ठिणगी उमटते. अशा असंख्य ठिणग्यांचा एकत्रित परिणाम म्हणजे तबकडीची हिरवट दीप्ती. तिला बाहेरच्या प्रकाशाची गरज नसते. म्हणून तिला स्वयंदीप्ती म्हणता येईल.

याउलट, काही पदार्थ प्रथम प्रकाश शोषून घेतात आणि मग तो हळूहळू बाहेर टाकतात. हा गुणधर्म स्फुरदीप्ती या नावाने ओळखला जातो. आजच्या घड्याळांतील दीप्ती बहुतांशी या प्रकारची आहे. पहिल्या प्रकारात ऊर्जेचा साठा रंगातच असतो, दुसऱ्या प्रकारात तो दररोज दिव्याकडून किंवा सूर्याकडून उसना घ्यावा लागतो. अस्सलपणाच्या बहुतेक कसोट्या या एका फरकावर उभ्या आहेत.

२. दीप्तिमान रंगांचे कालखंड :

पहिला कालखंड रेडियमचा. पहिल्या महायुद्धात खंदकांतील सैनिकांना रात्री वेळ पाहता यावी म्हणून रेडियमच्या तबकड्यांची मागणी वाढली आणि पुढे सर्वसामान्य ग्राहकांतही त्या रुळल्या. भारतात फाव्र-लूबा या स्विस व्यापारी घराण्याचा मुंबईशी संबंध एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनचा, आणि वेस्ट एंड वॉच कंपनीचा व्यवसायही त्याच शतकाच्या अखेरीस मुंबईत सुरू झाला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील अशी स्विस घड्याळे महाराष्ट्रातील अनेक घरांत आजही आढळतात. त्यांपैकी ज्यांच्या तबकड्या दीप्तिमान आहेत, त्यांत रेडियम असण्याची शक्यता गृहीत धरूनच पुढे जावे लागते.

दुसरा कालखंड ट्रिटियमचा. रेडियमचे धोके स्पष्ट झाल्यावर १९६० च्या दशकात घड्याळ उद्योग हायड्रोजनच्या या किरणोत्सारी समस्थानिकाकडे वळला. ट्रिटियममधून बाहेर पडणारे बीटा कण इतके दुर्बल असतात की घड्याळाची काचही ते ओलांडू शकत नाहीत. ट्रिटियमच्या रंगाचा वापर साधारणतः १९९० च्या दशकाच्या अखेरपर्यंत चालला. आजही काही घड्याळांत ट्रिटियम वायू भरलेल्या काचेच्या सूक्ष्म नळ्या वापरतात, परंतु तो रंग नव्हे. नळी भिंगाखाली सहज ओळखता येते. याच काळात प्रोमेथियम या अल्पजीवी मूलद्रव्याचाही काही घड्याळांत उपयोग झाला.

तिसरा कालखंड किरणोत्साररहित रंगांचा. जपानच्या नेमोटो कंपनीने १९९३ मध्ये स्ट्रॉन्शियम अॅल्युमिनेटवर आधारित नवा स्फुरदीप्त पदार्थ पुढे आणला. तो 'ल्युमिनोव्हा' या नावाने प्रसिद्ध झाला. थोडा वेळ प्रकाशात ठेवल्यानंतर तो काही तास दिसत राहतो. जस्ताच्या सल्फाइडला इतका दीर्घ प्रकाश देता येत नव्हता. शतकाच्या अखेरीस स्विस उद्योगानेही हाच मार्ग स्वीकारला.

३. काळोख हाच पुरावा :

घड्याळ जुने आहे आणि तरीही छान चमकते, ही विक्रेत्याची आवडती शिफारस असते. विज्ञानाच्या दृष्टीने मात्र हीच बाब संशयाचे पहिले कारण ठरते. त्यासाठी अर्धायुकालाचा विचार करणे आवश्यक आहे.

तबकडीत वापरलेल्या रेडियम-२२६ चा अर्धायुकाल सुमारे १६०० वर्षे आहे. १९४० च्या तबकडीतील रेडियम ८५ वर्षांत चार टक्क्यांहूनही कमी घटते. म्हणजे ते जवळजवळ जसेच्या तसे आहे. तरीही अशी तबकडी आज काळोखात बहुधा दिसत नाही. याचे कारण रेडियम संपले हे नसून जस्ताच्या सल्फाइडचे स्फटिक जर्जर झाले हे आहे. अल्फा कणांचे आघात झेलता झेलता काही वर्षांत, फार तर काही दशकांत, या स्फटिकांची प्रकाश देण्याची क्षमता नष्ट होते. दिव्यातील तेल तसेच शिल्लक आहे, पण वात जळून गेली आहे, अशी ही स्थिती होय. म्हणूनच रेडियमची विझलेली तबकडी निर्धोक समजणे ही घोडचूक ठरते.

ट्रिटियमची गोष्ट वेगळी. त्याचा अर्धायुकाल १२.३२ वर्षे आहे. १९७० मध्ये भरलेल्या ट्रिटियमपैकी २०२० मध्ये सुमारे सहा टक्के उरले. म्हणजे मूळच्या सोळाव्या भागाच्या आसपास. १९८५ च्या घड्याळात चाळीस वर्षांनंतर सुमारे दहा टक्के उरते. शिवाय स्फटिकांची झीज होते ती निराळीच. डोळे पूर्ण काळोखाला सरावल्यावर अशी तबकडी अगदी पुसट दिसू शकेल, पण ती लखलखणार नाही. प्रोमेथियम-१४७ चा अर्धायुकाल तर अवघा २.६२ वर्षे असल्याने पंचवीस-तीस वर्षांनी त्याचा हजारावा भागही मुश्किलीने उरतो.

यावरून एक साधा नियम हाती येतो. घड्याळ १९९३ पूर्वीचे असेल आणि थोडा वेळ दिव्याखाली धरल्यावर त्याची तबकडी तासन्‌तास तेजाने चमकत असेल, तर तिच्यावरील रंग मूळचा नाही. जुन्या तबकडीचा काळोख हा तिचा दोष नसून तिच्या वयाचा दाखला आहे.

४. परीक्षणाच्या कसोट्या :

पुढील कसोट्या घड्याळ न उघडता करता येतात. त्यांचा क्रमही महत्त्वाचा आहे. प्रथम साध्या निरीक्षणाच्या, नंतर साधनांच्या.

(अ) भिंगाखालील निरीक्षण : दहापट मोठे दाखवणारे घड्याळजीचे भिंग यासाठी पुरेसे होते. कारखान्यात भरलेला रंग बहुधा छापील अंकाच्या किंवा ठिपक्याच्या मर्यादेत बसलेला असतो आणि सर्व ठिपक्यांची जाडी व घडण एकाच हाताची वाटते. नंतर भरलेला रंग सीमेबाहेर ओघळलेला, कोठे फुगीर तर कोठे पातळ असा दिसतो. जुन्या रंगात बारीक तडे, कणीदार पोत आणि असमान डाग आढळतात. ठिपका अगदी गुळगुळीत आणि सर्वत्र सारखाच तपकिरी असेल, तर तो काळाने नव्हे, रंगद्रव्य मिसळून जुना केला असण्याची शक्यता बळावते.

(आ) अक्षरांचे निरीक्षण : तबकडी पुन्हा छापली असेल तर ते अक्षरांत लवकर उघड होते. कंपनीच्या नावातील अक्षरांचे वळण, जाडी, त्यांमधील अंतर आणि मिनिटांच्या रेषांचे टोक काट्याशी जुळते की नाही, हे पाहावे. मूळ छपाईच्या कडा रेखीव असतात. पुनर्छपाईत त्या पसरट होतात. मिनिटांच्या रेषा अंकांच्या मध्याशी जुळत नसतील तर दीप्तीचा विचार करण्याचीही गरज उरत नाही.

(इ) तळाची चिन्हे : स्विस तबकडीवर सहाच्या अंकाखाली, अगदी कडेला, बारीक अक्षरे असतात. 'स्विस' या शब्दाच्या दोन्ही बाजूंना रोमन 'टी' हे अक्षर असेल तर मूळ रंग ट्रिटियमचा होता असे समजावे. 'टी' नंतर पंचविसाहून कमी असे दर्शवणारे चिन्ह असेल, तर ट्रिटियमची मात्रा २५ मिलिक्युरीच्या आत असल्याचे ते निदर्शक होय. मात्र या चिन्हाचा अर्थ मर्यादित आहे. कारखान्यातून निघताना तबकडीवर काय होते, एवढेच ते सांगते; आज तिच्यावर काय आहे हे सांगत नाही. त्याचप्रमाणे चिन्ह नाही म्हणून ट्रिटियम नाही, असाही निष्कर्ष काढता येत नाही, कारण संक्रमणाच्या वर्षांत ही प्रथा सर्वत्र एकसारखी नव्हती.

(ई) अतिनील प्रकाश : नोटा तपासण्यासाठी वापरतात तसा अतिनील किरणांचा छोटा दिवा येथे उपयोगी पडतो. अंधाऱ्या खोलीत दिवा तबकडीवर धरावा आणि विझवावा. जस्ताच्या सल्फाइडचा जुना रंग दिव्याखाली कमी-अधिक उजळतो, पण दिवा विझताच किंवा काही क्षणांतच मावळतो. अति जीर्ण रेडियमचा रंग कधी उजळतही नाही. स्ट्रॉन्शियम अॅल्युमिनेट मात्र प्रखर हिरवे उजळते आणि दिवा विझल्यावरही दीर्घकाळ टिकते. तबकडीचे ठिपके आणि काटे यांची वर्तणूक स्वतंत्रपणे पाहावी. दोन्ही एकाच वेळी भरलेले असतील तर त्यांच्या रंगछटेत थोडा फरक असला तरी प्रतिसादाची जात एकच असते.

(उ) रेडियमचा डाग : घड्याळ वर्षानुवर्षे एकाच वेळेवर बंद पडून राहिले असेल, तर रेडियमच्या काट्याखाली तबकडीवर त्याच्या आकाराची तपकिरी छाया उमटते. किरणोत्साराने तबकडीचा लेप करपल्याची ही खूण आहे. अशी छाया असून तिच्यावरचा काटा मात्र नवा आणि तेजस्वी असेल, तर काटा बदलला आहे किंवा त्यात रंग पुन्हा भरला आहे, हे उघड होते. हा डाग घडण्यास दीर्घ काळ लागत असल्याने त्याची हुबेहूब नक्कल करणे कठीण आहे. म्हणूनच त्याचे पुराव्याचे मूल्य मोठे आहे.

(ऊ) गायगर गणक : ज्या महाविद्यालयांच्या भौतिकशास्त्र विभागात किरणोत्साराच्या प्रयोगांसाठी गायगर गणक उपलब्ध आहे, त्यांना ही कसोटी सहज घेता येईल. प्रथम परिसरातील नेहमीची गणना नोंदवावी आणि मग घड्याळाची काच गणकाच्या खिडकीसमोर आणावी. रेडियम आणि त्याच्या क्षयातून निर्माण होणारी मूलद्रव्ये गॅमा किरणही बाहेर टाकतात. ते काच भेदून येत असल्याने गणना स्पष्टपणे वाढते. ट्रिटियमच्या बाबतीत ती वाढत नाही. येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. गणना वाढली म्हणजे रेडियम आहे एवढेच कळते, तबकडीचे साल कळत नाही. तसेच, जुना रंग खरवडून नवा भरला तरी रेडियमचे कण तबकडीवर आणि घड्याळाच्या आत उरतात. त्यामुळे गणना वाढलेली आणि दीप्तीही तासन्‌तास टिकणारी, असा योग दिसला तर रेडियमच्या तबकडीवर नवा रंग चढवला आहे असे समजावे.

५. पुराव्याचे तर्कशास्त्र :

वरील कसोट्यांपैकी एकही एकटीने अस्सलपणा सिद्ध करीत नाही. ही मर्यादा साधनांची नसून पुराव्याच्या स्वरूपाची आहे. मोडी कागदपत्रांचा अभ्यासक कागद जुना आहे एवढ्यावरून मजकूर अस्सल मानीत नाही. कागद, शाई, वळण, शिक्का, कालगणना आणि आशय यांचा परस्परांशी मेळ बसतो का, हे तो पाहतो. जुन्या कोऱ्या कागदावर नवा मजकूर लिहिता येतो, तशीच जुन्या तबकडीवर नवी दीप्ती भरता येते.

म्हणून येथे निर्णयाचा नियम असा मांडता येईल : एक ठाम विसंगती अस्सलपणा नाकारण्यास पुरेशी असते, परंतु एक सुसंगती तो स्थापित करण्यास पुरेशी नसते. निर्णयही 'अस्सल' आणि 'नकली' अशा दोनच पेट्यांत टाकण्याचा आग्रह धरू नये. 'सर्व पुरावे सुसंगत', 'निश्चित विसंगती' आणि 'अनिर्णित' असे तीन प्रकार ठेवणे अधिक प्रामाणिकपणाचे ठरेल.

हे तत्त्व एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट करता येईल. समजा, सेलू परिसरातील एखाद्या कुटुंबाकडे १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धातील स्विस घड्याळ आहे. तबकडीच्या तळाशी 'टी' ही अक्षरे आहेत. ठिपके दुधाळ पांढरे असून दिव्याखाली धरल्यावर तीन तास दिसत राहतात. काट्यांतील रंग तपकिरी व तडकलेला असून अतिनील दिवा विझताच मावळतो. घड्याळ गायगर गणकासमोर धरले असता गणना वाढते.

येथे प्रत्येक पुरावा वेगळे बोलतो. अक्षरांवरून तबकडी ट्रिटियमच्या काळातील ठरते. ठिपक्यांच्या दीर्घ दीप्तीवरून त्यांतील रंग १९९३ नंतरचा ठरतो. गणना वाढते याचा अर्थ घड्याळात रेडियम आहे. ते 'टी' चिन्हाच्या तबकडीचे असण्याची शक्यता कमी, म्हणजे बहुधा काटे दुसऱ्या, अधिक जुन्या घड्याळातून आले असावेत. निष्कर्ष असा की, तबकडीचा पाया मूळचा असू शकतो, ठिपक्यांचा रंग मूळचा नाही आणि काटे बहुधा परके आहेत. 'घड्याळ पूर्णपणे अस्सल आहे' हे विधान येथे टिकत नाही. पण 'घड्याळ नकली आहे' हे विधानही अन्यायकारक ठरते. तिसरी आणि अधिक निकडीची गोष्ट म्हणजे, ज्या घड्याळात चिन्हानुसार रेडियम असायला नको त्यात ते आहे, हे त्या कुटुंबाला कळणे आवश्यक आहे.

६. दुरुस्ती आणि फसवणूक यांतील सीमारेषा :

तबकडी पुन्हा रंगवणे हे आपल्याकडे पूर्वापार चालत आलेले कसब आहे. घड्याळ ही जपून वापरण्याची, पुढच्या पिढीकडे सोपवण्याची वस्तू होती. तबकडी काळवंडली, अंक पुसले, काटे दिसेनासे झाले की गावचा घड्याळजी ती शहरातील कारागिराकडे पाठवी आणि ती नव्यासारखी होऊन परत येई. मालकाला वेळ दिसावी एवढाच त्यामागील हेतू असे. या कामात कोणतीही लबाडी नव्हती. उलट, मर्यादित साधनांत वस्तूचे आयुष्य वाढवण्याची ती एक काटकसरी आणि कुशल परंपरा होती.

तीच पुनर्रंगित तबकडी पुढे 'मूळ स्थितीतील' म्हणून विकली जाते, तेव्हा प्रश्न निर्माण होतो. अनेक घड्याळांचे सुटे भाग जुळवून, भडक रंगाची नवी तबकडी बसवून तयार केलेल्या भारतीय घड्याळांना परदेशी संग्राहकांत 'मुंबई स्पेशल' असे काहीसे उपहासाचे नाव पडले आहे. एचएमटीच्या जुन्या घड्याळांनाही या प्रकाराची झळ पोहोचली. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळुरू येथे सुरू झालेल्या या सार्वजनिक उद्योगाची घड्याळे भारतीय मध्यमवर्गाच्या जीवनाचा भाग होती. काळ्या तबकडीच्या 'पायलट'सारखे त्यांतील एखादे घड्याळ चकचकीत नव्या रंगात आणि प्रखर दीप्तीसह समोर आले, तर वरील कसोट्या लावल्याशिवाय त्याचा स्वीकार करू नये.

यावरून 'अस्सल' या शब्दाच्या चार पायऱ्या करता येतात. कारखान्यातून निघाली त्याच अवस्थेतील तबकडी ही पहिली. कंपनीनेच दुरुस्तीच्या वेळी बदलून दिलेली तबकडी ही दुसरी. मालकाच्या सोयीसाठी कारागिराने पुन्हा रंगवलेली ही तिसरी, आणि ग्राहकाला चकवण्यासाठी जुनी भासवलेली ही चौथी. तिसरी आणि चौथी यांतील रंग एकच असू शकतो. भेद असतो तो सांगण्यातील सत्यतेचा. भिंग आणि दिवा रंगाचे वय सांगतात, हेतू सांगत नाहीत.

७. कागदाचा पुरावा आणि वस्तूचा पुरावा :

वर्धा जिल्ह्याच्या दृष्टीने या विषयाचे एक उदाहरण विशेष बोलके आहे. १९३६ पासून सेवाग्राम ही ज्यांची कर्मभूमी झाली, त्या महात्मा गांधींजवळ झेनिथ कंपनीचे एक खिशातले घड्याळ होते. त्याला रेडियमची तबकडी आणि गजराची सोय असल्याचा उल्लेख गांधीजींनी स्वतःच केला आहे. पहाटेच्या काळोखात प्रार्थनेसाठी उठणाऱ्या आणि मिनिटामिनिटाचा हिशेब ठेवणाऱ्या व्यक्तीला या दोन्ही सोयींचा उपयोग किती असेल, हे सांगावयास नको. हे घड्याळ १९४७ मध्ये रेल्वे प्रवासात चोरीला गेले आणि काही महिन्यांनी ते परत मिळाले. पुढे मार्च २००९ मध्ये गांधीजींचा चष्मा, चपला, वाटी व ताटली यांच्यासह न्यूयॉर्क येथे झालेल्या लिलावात ते विजय मल्ल्या यांनी सुमारे १८ लाख डॉलरना घेतले.

अशा वस्तूच्या बाबतीत पत्रे, उल्लेख आणि हस्तांतराचा वृत्तान्त यांना महत्त्व असतेच. परंतु कागद वस्तूविषयी सांगतो. वस्तू स्वतःविषयी जे सांगते ते तिच्या अंगावर लिहिलेले असते. 'रेडियमची तबकडी' हा लिखित उल्लेख आणि तबकडीवरील प्रत्यक्ष रेडियम यांचा मेळ बसणे, हा दोन स्वतंत्र पुराव्यांचा मेळ असतो. एखाद्या ऐतिहासिक घड्याळाची विझलेली तबकडी सुशोभित करण्यासाठी तिच्यावर नवा रंग भरला, तर ती नव्याने चमकू लागेल. पण साक्ष देणे थांबवील. हीच गोष्ट कमी प्रसिद्ध व्यक्तींच्या, म्हणजे आपल्या घरातील वाडवडिलांच्या घड्याळांनाही लागू पडते. त्यांच्याविषयी तर कागदाचा पुरावा सहसा नसतोच. जे आहे ते तबकडीवरच आहे.

८. आरोग्याची बाजू :

अस्सलपणाचा ध्यास घेताना एक सावधगिरी अनिवार्य आहे. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातील ऑरेंज येथे १९१७ च्या सुमारास रेडियमच्या तबकड्या रंगवणाऱ्या तरुणींना कुंचल्याचे टोक ओठांनी निमुळते करण्यास शिकवले जात असे. पोटात गेलेले रेडियम त्यांच्या हाडांत साठले आणि अनेकींचे जबडे व हाडे कुजली. ग्रेस फ्रायर आणि तिच्या चार सहकारी स्त्रियांनी न्यायालयात दिलेला लढा १९२८ मध्ये तडजोडीने संपला. कामगारांच्या आरोग्यरक्षणाच्या इतिहासात त्याला मोठे स्थान आहे.

बंद घड्याळातील रेडियमचे अल्फा कण काचेबाहेर येत नाहीत, म्हणून असे घड्याळ पाहण्याने तातडीचा धोका संभवत नाही. धोका सुरू होतो तो घड्याळ उघडल्यावर. तडकलेल्या रंगाची भुकटी श्वासावाटे किंवा बोटांवरून पोटात जाऊ शकते. तबकडीवरील धूळ उडवण्यासाठी फुंकर मारण्याची अनेक कारागिरांची सवय अशा वेळी घातक ठरते. रंग खरवडणे त्याहूनही घातक. याशिवाय रेडियमच्या क्षयातून रेडॉन हा किरणोत्सारी वायू सतत निर्माण होतो. इंग्लंडमधील संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३० जुन्या रेडियम घड्याळांच्या संग्रहामुळे खोलीतील रेडॉनचे प्रमाण त्या देशाच्या शिफारस केलेल्या मर्यादेच्या १३४ पट झाल्याचे आढळले होते. म्हणून अशी घड्याळे निजण्याच्या खोलीत किंवा बंद कपाटात एकत्र साठवू नयेत, खोली हवेशीर ठेवावी, मुलांच्या हाती ती देऊ नयेत आणि दुरुस्तीस देताना त्यांत रेडियम असल्याची कल्पना कारागिराला आधी द्यावी. ही शेवटची गोष्ट केवळ सौजन्याची नाही. चिमट्याने तबकडी उचलणारा घड्याळजी आपल्याहून अधिक धोक्यात असतो.

समारोप :

दीप्तिमान तबकडीच्या परीक्षणातून पुढील निष्कर्ष हाती येतात.

१) जुन्या तबकडीचे तेज हा अस्सलपणाचा पुरावा नसून बहुधा त्याविरुद्धचा पुरावा असतो.
२) रेडियम, ट्रिटियम आणि आधुनिक स्फुरदीप्त पदार्थ यांची वर्तणूक भिन्न असल्याने साधे भिंग, अतिनील दिवा आणि गायगर गणक यांच्या साहाय्याने त्यांत भेद करता येतो.
३) तबकडी, काटे, चिन्हे, डाग आणि लिखित वृत्तान्त यांच्या परस्पर सुसंगतीवरच निर्णय आधारलेला असावा.
४) पुनर्रंगकाम ही अप्रामाणिक गोष्ट नव्हे, ते लपवणे अप्रामाणिक होय.
५) विझलेली रेडियमची तबकडी निर्धोक नसते. ती उघडू नये, खरवडू नये आणि केवळ शोभेसाठी पुन्हा रंगवू नये.

महाविद्यालयीन अध्यापनाच्या दृष्टीनेही या विषयाचा उपयोग होण्यासारखा आहे. अर्धायुकालाचे गणित, स्फुरदीप्तीचा प्रयोग आणि साधनचिकित्सेचे तत्त्व हे तीन वेगवेगळ्या विभागांचे पाठ एका बंद घड्याळावरून, त्याचे झाकणही न उघडता, विद्यार्थ्यांना शिकवता येतात. आपल्या घरातील जुने घड्याळ घेऊन येणाऱ्या विद्यार्थ्याला ते 'खरे' की 'खोटे' एवढेच सांगून परत पाठवण्यापेक्षा, त्याच्या कोणत्या भागाचे वय किती आणि ते कशावरून, हे त्याला स्वतः शोधू देणे अधिक मोलाचे ठरेल.